रिकामी स्ट्रिंग तपासायच्या पद्धती: सगळ्या वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

नावाचा रकाना, म्हणजे प्रोग्रॅमिंगच्या भाषेत एक स्ट्रिंग (अक्षरांची माळ), कोरा नसावा, एवढी साधी अट होती. कोड जावा या भाषेत, चेक इझब्लँकचा (स्ट्रिंग कोरी आहे का हे सांगणारी जावाची सोय), टेस्ट सगळ्या हिरव्या, आणि तरी छापलेल्या यादीत मधेच एक ओळ नावाशिवाय आली. डेटाबेसमध्ये जाऊन बघितलं तर ते नल (म्हणजे काही किंमतच नसणं) नव्हतं, लांबी चक्क १ होती. मग त्या एकुलत्या एक अक्षराचा कोड छापून बघितला, १६० आला. साधी स्पेस ३२ असते, १६० म्हणजे नो-ब्रेक स्पेस, वेबपेजवरून किंवा वर्डमधून मजकूर कॉपी-पेस्ट केला की बऱ्याचदा सोबत चिकटून येते ती. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात, पण इझब्लँकला ती "कोरी" वाटत नाही, त्यामुळे ते नाव म्हणून आरामात आत गेलं.

तेव्हापासून मला या विषयाचं जरा वेडच लागलंय. ज्या ज्या भाषेत काम केलंय तिथे "ही स्ट्रिंग रिकामी आहे का" हे विचारायची जी काही सोय आहे ती नीट वापरून, मुद्दाम वाकडा इनपुट देऊन बघितलीय, आणि त्याचा हा रिव्ह्यू आहे. स्पीडला मी फार मार्क ठेवलेले नाहीत, एकदोन अपवाद पुढे येतील तेवढेच. माझी कसोटी अशी की नाव वाचून कळतं का ते नक्की काय तपासतंय, नल आला तर काय होतं, आणि माणसाने हाताने भरलेला किंवा पेस्ट केलेला कोरेपणा त्याला पकडता येतो का.

कारण रिकामं म्हणजे एकच गोष्ट नसते ना. फॉर्मवर मधलं नाव विचारलंच नव्हतं तर ते नल. विचारलं, आणि समोरच्याला मधलं नावच नाही म्हणून त्याने काही लिहिलं नाही, तर ती शून्य लांबीची स्ट्रिंग. आणि पुढे जायला मिळावं म्हणून त्याने स्पेसबार दाबून बटण दाबलं तर ती ब्लँक. या तिन्हींचा अर्थ वेगळा आहे, आणि कोड रिव्ह्यूमध्ये मी बघितलेले निम्मे वाद हे दोघांच्या डोक्यात दोन वेगवेगळी "रिकामी" असल्यामुळे झालेत. (एचटीएमएलचं रिक्वायर्ड लावलं की काम झालं असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या टेक्स्ट बॉक्समध्ये फक्त एक स्पेस टाकून सबमिट करून बघा, ते जाऊ देतं.)

जावापासून सुरू करतो कारण माझी सगळ्यात जास्त वर्षं त्यातच गेलीत. आधी लेंग्थ काढून ती शून्य आहे का बघायचो, २००६ मध्ये जावा ६ आलं आणि त्यात इझएम्प्टी मिळालं, आतून तेच करतं पण वाचायला छान. नलवर बोलावलं की नल पॉइंटर एक्सेप्शन, ते ठरलेलं. म्हणून जुने लोक उलटं लिहितात, आधी "" आणि त्यावर इक्वल्स (तुलना करणारी मेथड), म्हणजे डावीकडे कधीच नल नसतो आणि क्रॅश होत नाही. मला ही युक्ती अनेक वर्षं आवडायची, आता नाही आवडत. नल दिला तर ती फॉल्स सांगते, म्हणजे "रिकामी नाही" असं उत्तर येतं, कोड खुशाल पुढे जातो आणि दहा ओळींनंतर भलत्याच ठिकाणी तोच नल फुटतो. क्रॅश टळला नाही, नुसता पुढे ढकलला गेला, आणि शोधायला दुप्पट वेळ लागला.

आणि == लावून तुलना करणं (ते मजकूर नाही, वस्तू तीच आहे का एवढंच बघतं), हे आजही नवीन मुलांच्या कोडमध्ये दिसतं. यात वाईट हे की ते कधीकधी चालतं. कोडमध्ये लिहिलेले सगळे "" जावा एकाच जागी ठेवतं, त्यामुळे टेस्टमध्ये हाताने "" दिला की ट्रू येतं, आणि तीच स्ट्रिंग रन होताना बाहेरून वाचून तयार झाली की ती वेगळी वस्तू, मग फॉल्स. टेस्टमध्ये पास आणि प्रॉडक्शनमध्ये फेल असा हा प्रकार, याला शून्य मार्क.

अपाचे कॉमन्स लँग या जावाच्या लायब्ररीचं स्ट्रिंगयुटिल्स मात्र मी मनापासून रेकमेंड करतो. इझएम्प्टी आणि इझब्लँक दोन्ही नलला टिकतात, नल म्हणजे रिकामंच धरतात. एक जुनी गोष्ट त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलेली आहे, त्यांचं इझएम्प्टी आधी ट्रिम करून (दोन्ही टोकांच्या स्पेस कापून) बघायचं, आवृत्ती २.० मध्ये ते काढून टाकलं आणि ट्रिमवालं काम इझब्लँककडे दिलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, म्हणजे ज्यांनी ही लायब्ररी लिहिली त्यांनासुद्धा "एम्प्टी" या एका शब्दात दोन अर्थ कोंबले की घोटाळा होतो हे वापरूनच कळलं, आणि त्यांनी शब्द वेगळे केले.

मग २०१८ ला जावा ११ मध्ये भाषेतच इझब्लँक आलं. नाव चांगलं, वेगळी लायब्ररी लागत नाही, टॅब, एंटर, साध्या स्पेस सगळं धरतं. पण नलला टिकत नाही, आणि तो १६० चा किस्सा. जावाची व्हाइटस्पेसची (कोणती अक्षरं मोकळी जागा धरायची याची) जी व्याख्या आहे त्यात नो-ब्रेक प्रकारच्या तीन स्पेस मुद्दाम वगळलेल्या आहेत, डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय, मी वाचलं नव्हतं. ओळ कुठे तोडायची हे ठरवताना त्या वगळणं बरोबरही असेल, पण फॉर्म तपासताना उपयोग नाही. आणि कॉमन्स लँगचं इझब्लँकही हीच व्याख्या वापरतं, त्यामुळे तिथे पळून जाऊनही सुटका नाही हे लक्षात ठेवा. ट्रिम वापरावं म्हटलं तर ते फक्त कोड ३२ आणि त्याखालचं कापतं, १६० ला तेही हात लावत नाही.

आता गंमत बघा, कॉटलिन ही भाषा त्याच जेव्हीएमवर (जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या यंत्रणेवर) चालते, आणि तिथलं इझब्लँक १६० ला कोरं म्हणतं, कारण कॉटलिनने व्हाइटस्पेस ठरवताना जावाची व्हाइटस्पेसची आणि स्पेस-कॅरेक्टरची अशा दोन्ही व्याख्या जोडून घेतल्यात. नाव तेच, मशीन तेच, उत्तर वेगळं! जावामधून कॉटलिनमध्ये कोड हलवणाऱ्यांनी हे टेस्टमध्ये घातलंच पाहिजे. कॉटलिनचं इझनलऑरब्लँक हे मात्र मी आजवर वापरलेल्यांत सगळ्यात समाधान देणारं आहे. नावातच दोन्ही अटी सांगितल्यात, नलवर थेट बोलावता येतं, आणि एकदा ते फॉल्स आलं की पुढे कंपायलरला कळतं की ही स्ट्रिंग नल नाही, परत परत प्रश्नचिन्हं टाकत बसावं लागत नाही. पैकीच्या पैकी.

सी शार्पमध्येही असंच सरळ काम आहे, इझनलऑरएम्प्टी जुनं, आणि २०१० मध्ये डॉट नेट ४ बरोबर आलेलं इझनलऑरव्हाइटस्पेस. नाव लांबलचक आहे म्हणून काही जण कुरकुरतात, मला तो लांबपणाच आवडतो, वाचणाऱ्याला काही विचारावंच लागत नाही. नो-ब्रेक स्पेसही पकडतं. "" लिहायचं की स्ट्रिंग डॉट एम्प्टी लिहायचं यावर तासभर चाललेली चर्चा मी ऐकलीय, त्यात वेळ घालवू नका, टीममध्ये एक काहीतरी ठरवा आणि पुढे चला.

पीएचपीचं एम्प्टी मात्र मी नवीन कोडमध्ये वापरायचं पूर्ण बंद केलंय. ते स्ट्रिंगपुरतं नाहीच, ते "ही किंमत खोटी धरली जाते का" एवढंच विचारतं, आणि पीएचपीत "०" ही एका अक्षराची स्ट्रिंगसुद्धा खोटी धरली जाते. आमच्या एका फॉर्ममध्ये मजला कितवा असा रकाना होता, तळमजल्यावरचे लोक शून्य भरायचे आणि फॉर्म त्यांना सांगायचा की मजला भरा. ते परत शून्य भरायचे, परत तेच. एका बाईंनी शेवटी वैतागून १ भरून टाकलं आणि सामान चुकीच्या मजल्यावर गेलं. भरलेली माहिती न भरल्यासारखी वागवणं हा त्या माणसाचा अपमान आहे असं मला खरंच वाटतं, त्याने नीट उत्तर दिलं होतं. आता मी ट्रिम करून तीन बरोबरच्या खुणा वापरून "" शी तुलना करतो, जास्त टाइप करावं लागतं पण "०" सुखरूप राहतो. जुन्या पीएचपीत तर एम्प्टीच्या आत ट्रिम बोलावताही यायचं नाही, आवृत्ती ५.५ च्या आधी तिथे फक्त व्हेरिएबल चालायचं. पर्लमध्येही "०" खोटाच, तिकडून आलेल्यांना हे अंगवळणी असेल.

जावास्क्रिप्टमध्ये उद्गारचिन्ह लावून एका फटक्यात काम होतं, "" खोटं, नल खोटं, अनडिफाइन्डही खोटं. इथे "०" स्ट्रिंग खरी आहे, म्हणजे मजल्यावाला बग होत नाही, पण ती शून्य संख्या म्हणून आली की परत खोटी, त्यामुळे एपीआयने स्ट्रिंग पाठवली की नंबर यावर सगळं अवलंबून. == ने "" शी तुलना केली तर शून्य संख्याही जुळते, रिकामा अ‍ॅरेही जुळतो, तेव्हा तीन बरोबर शिवाय लिहूच नका. आणि डीफॉल्ट किंमत देताना दोन उभ्या रेघा वापरता की दोन प्रश्नचिन्हं यातही हाच मुद्दा येतो, रेघा वापरल्या तर "" च्या जागी डीफॉल्ट बसतं, प्रश्नचिन्हं फक्त नल आणि अनडिफाइन्डलाच बदलतात, "" तसंच राहतं. एका युजरने आपली "माझ्याबद्दल" ओळ मुद्दाम पुसली होती आणि आमचा कोड दर वेळी तिथे तयार वाक्य आणून बसवायचा, कारण रेघा. पुसलेलं आणि न लिहिलेलं वेगळं असतं, ते जपायला प्रश्नचिन्हांची ही सोय फार कामाची आहे. ट्रिम मात्र जावास्क्रिप्टचं मस्त आहे, नो-ब्रेक स्पेसही कापतं.

पायथनमध्ये नॉट लिहून एस (म्हणजे आपल्या स्ट्रिंगचं नाव) लिहिलं की झालं, पेप ८ (पायथन कोड कसा लिहावा याची नियमावली) सुद्धा तेच सुचवतं. वाचायला गोड आहे, आणि फंक्शनला स्ट्रिंगच येणार याची खात्री असेल तर मी तेच लिहितो. पण नन (पायथनमधला नल) आला, शून्य आलं, रिकामी लिस्ट आली तरी ते त्याच दारातून आत घेतं, त्यामुळे नन आणि "" मध्ये फरक असेल तिथे मी नन वेगळा तपासतो. एक सापळा सांगतो, इझस्पेस नावाची मेथड बघून वाटतं की ब्लँक तपासायला हीच, पण रिकाम्या स्ट्रिंगवर ती फॉल्स देते कारण तिला किमान एक अक्षर लागतं. स्ट्रिप (पायथनचं ट्रिम) करून नॉट लावा, नो-ब्रेक स्पेसही त्यात निघते. आणि इझ वापरून "" शी तुलना करू नका, ३.८ पासून पायथन स्वतःच वॉर्निंग देतो.

रुबीत गेलं की उलटं होतं, तिथे "" खरं आहे, खोटं फक्त निल आणि फॉल्स. पायथनहून आलेला माणूस इथे हमखास फसतो. तपासायला एम्प्टी आहे, त्याच्या नावाच्या शेवटीच प्रश्नचिन्ह असतं, आणि रेल्स (रुबीतली वेबसाइट बनवायची चौकट) असेल तर तसंच ब्लँक प्रश्नचिन्ह. हे रेल्सवालं ब्लँक युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांच्या एकत्रित यादीतल्या) स्पेसही पकडतं, निलवरही चालतं, आणि त्याचं उलट प्रेझेंटही मिळतं, त्यामुळे अटी बोलल्यासारख्या वाचता येतात. एकच तक्रार, फॉल्स ही किंमतसुद्धा ते ब्लँक म्हणतं, त्यामुळे हो-नाहीच्या रकान्याला "नाही" हे उत्तर दिलेलं असताना ते कोरं ठरतं. पीएचपीच्या त्या मजल्याचाच भाऊ.

स्पीडचं म्हणालो होतो ते इथे. सीमध्ये स्ट्रलेन शून्य आहे का विचारलं तर ते स्ट्रिंगच्या शेवटापर्यंत चालत जातं, लांब मजकूर असेल तर फक्त "काही आहे का" कळायला सगळं मोजून काढायचं. पहिलं अक्षर नल-कॅरेक्टर आहे का एवढं बघितलं की पुरतं. चांगले कंपायलर हे स्वतः सुधारून घेतात, तरी मी पहिलं अक्षरच बघतो, त्यात हेतू स्पष्ट दिसतो. स्विफ्टमध्ये हा फरक अजून खरा आहे, तिथे काउंट म्हणजे माणसाला दिसणारी अक्षरं मोजणं, जोडाक्षरं, इमोजी सगळं जुळवून, त्यामुळे काउंट शून्य आहे का असं न विचारता इझएम्प्टीच वापरा, ते लगेच सांगतं. गोमध्ये "" शी तुलना करा नाहीतर लेन शून्य बघा, काही फरक नाही, आणि स्ट्रिंग नल असूच शकत नाही म्हणून मला तिथे डोक्याला शांतता मिळते. फक्त "दिलंच नाही" हे वेगळं ठेवायचं असेल तर पॉइंटर घ्यावा लागतो.

सी प्लस प्लसचं एम्प्टी काम अचूक करतं पण नावात घोळ आहे, "रिकामं आहे का" असंही वाचता येतं आणि "रिकामं कर" असंही. साफ करायला म्हणून एम्प्टी बोलावलेलं आणि जुना मजकूर तसाच राहिलेला कोड मी दुरुस्त केलाय. सी प्लस प्लस २० पासून उत्तर न वापरता ते नुसतंच बोलावलं तर कंपायलर वॉर्निंग देतो, हे फार चांगलं झालं. रुबीतलं प्रश्नचिन्ह किंवा इझ हा उपसर्ग, एवढ्याशा गोष्टीने हा गोंधळ मुळातच होत नाही.

डेटाबेस हा सगळ्यात जपून वागायचा भाग. ओरॅकलमध्ये "" आणि नल एकच, रिकामी स्ट्रिंग साठवली की ती नल होते, आणि नलशी कुठलीही तुलना खरी ठरत नाही. म्हणजे "नाव रिकामं नाही अशा ओळी दे" असं "" शी तुलना करून विचारलं तर एकही ओळ येत नाही, भरलेल्यासुद्धा नाही! इझ नॉट नलच लिहावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये दोन्ही वेगळे, माझ्या मते हेच योग्य. एसक्यूएल सर्व्हरमध्ये "" आणि नुसत्या तीन स्पेस यांची तुलना केली तर समान येतात, आणि लेन हे फंक्शन शेवटच्या स्पेस मोजत नाही, त्याही मोजायच्या तर डेटालेंग्थ, पण ते अक्षरं नाही, बाइट मोजतं. ॲप एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर न्यायचं असेल तर टेबलांच्या आधी हे चेक शोधून काढा, माझं ऐका.

बॅशमध्ये (लिनक्सच्या कमांड लिहायच्या भाषेत) कंसात वजा झेड लिहिलं की रिकामं, वजा एन लिहिलं की भरलेलं. इथे कंजूषपणा करून अवतरणचिन्हं गाळली की वजा एन रिकाम्या व्हेरिएबललाही ट्रू म्हणतं, कारण व्हेरिएबल उडून जातं आणि कंसात नुसतं वजा एन उरतं, तो एक शब्द म्हणून "आहे" ठरतो. दुहेरी चौकोनी कंस वापरले तर ही भीती नाही. आणि फाइल पुसणाऱ्या स्क्रिप्टमध्ये फोल्डरचं नाव ठेवलेल्या व्हेरिएबलनंतर अपूर्णविराम आणि प्रश्नचिन्ह घालायची जी सोय आहे, व्हेरिएबल रिकामं असेल तर स्क्रिप्ट तिथल्या तिथे थांबते, ती मी प्रत्येकाला शिकवतो. बाकीच्या भाषांत चेक चुकला तर यादीत कोरी ओळ येते, इथे चुकला तर फाइली जातात.

एक्सेलवाल्यांसाठी पण एक, कारण प्रोग्रॅमिंग न करणारे मित्रही हे विचारतात. सेलमधल्या फॉर्म्युलाने "" उत्तर दिलं तर इझब्लँक म्हणतं फॉल्स, सेल रिकामा नाही, आणि काउंटब्लँक त्याच सेलला रिकाम्यात मोजतं. एकाच शीटमध्ये दोघांची उत्तरं वेगळी. थेट = लावून "" शी तुलना करा, बहुतेकांना जे हवं असतं ते त्यात मिळतं.

आता मी काय वापरतो. माणसाने भरलेलं काहीही असेल तर आत येतानाच, एकाच ठिकाणी, दोन्ही टोकांच्या स्पेस कापून ब्लँक तपासतो, आणि आत एकदा आलं की पुढे सगळीकडे फक्त शून्य लांबी. पासवर्ड तेवढा न कापता ठेवतो, त्यात स्पेस असणं हा त्या माणसाचा हक्क आहे. जावात त्यासाठी स्वतःचं सहा ओळींचं फंक्शन ठेवलंय, प्रत्येक कोडपॉइंटला (युनिकोडमधल्या अक्षराच्या नंबराला) व्हाइटस्पेस आहे का आणि स्पेस-कॅरेक्टर आहे का असं दोन्ही विचारणारं, कॉटलिनसारखं.

एवढं करूनही झीरो विड्थ स्पेस (रुंदीच नसलेलं, न दिसणारं अक्षर) सुटते. नावात स्पेस असली तरी युनिकोडच्या व्हाइटस्पेसच्या यादीत ती नाही, यादीत २५ अक्षरं आहेत आणि ही त्यात बसत नाही, म्हणून वर ज्यांचं ज्यांचं कौतुक केलं ते सगळे तिला खरा मजकूर समजतात. सरसकट अदृश्य अक्षरं काढून टाकावीत तर झीरो विड्थ जॉइनरही (अक्षरं कशी जोडायची ते सांगणारं अदृश्य चिन्ह) त्याच जातीतलं, आणि ते काढलं तर आपल्या "सुऱ्या" मधला अर्धा र काही ठिकाणी रफार होऊन बसतो, दुसऱ्याचं नाव बिघडवायचा अधिकार मला नाही. म्हणून ती अक्षरं साठवताना तशीच ठेवतो, आणि फक्त तपासताना, त्या तात्पुरत्या प्रतीत, ती वगळून काही दिसण्यासारखं उरतं का ते बघतो. ही अट घालून जुना डेटा परत एकदा चाळला, १६० वाल्या त्या ओळीसारख्या अजून चार सापडल्या, आणि एकात नुसते दोन जॉइनर होते.